बसलेलं माप

प्रिय आई,

आधी काय काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. बाथरूममधला जुना कमोड काढला. काढताना फुटला. फुटला नसता तरी टाकायचाच होता.
२. मी नवा आणला. तो बसला नाही.
३. दोष कमोडचा नव्हता, मापाचा होता.
४. तो बदलून दुसरा आणला. हा बसतो.
५. हा अजून पक्का केलेला नाही. नुसता जागेवर ठेवून पाहिला आहे.
६. कोणाला लागलेलं नाही. बाबांची पाठ धरली होती, ती आता सुटली.

फोनवर तुला यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं सांगितलं होतं. मधलं सांगायला जागा मिळाली नाही. मी तुला फोन लावला की इकडे बाबांचं मशीन थांबतं. उगाच सुईत दोरा ओवल्यासारखं करत बसतात आणि मी फोन ठेवला की मान वर न करता विचारतात, ‘काय म्हणते?’ मी म्हणते, बरी आहे. तिकडे तू मला विचारतेस, घरी सगळं ठीक? मी म्हणते, ठीक आहे. आणि तुझ्या मागून मावशीचा आवाज येतो, ‘तिला सांग, इथे तुला काही कमी नाही.’ अशा तीन माणसांच्या मधे उभं राहून कमोडबद्दल सविस्तर बोलता येत नाही, म्हणून पत्र. लांब होईल. तू मला फूटपट्टी म्हणतेसच, तेव्हा चालवून घे.

तर, प्लंबर आला. तू ज्याला ‘उद्या’ हे नाव ठेवलंस तो आपला प्लंबर सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेला दारात उभा होता. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘काय रे, तब्येत बरी आहे ना?’ तो म्हणाला, ‘वहिनी पडल्याचं कळलं मास्तर, म्हणून आलो. नाहीतर उद्याच येणार होतो.’ त्याने पाणी बंद केलं, टाकी उतरवली. टाकी आणि भिंत यांच्यामधली ती तीन बोटांची फट आठवते ना, जिच्यात वस्तू पडायच्या आणि ‘नंतर काढू’ म्हणून राहून जायच्या? तिच्यातून तुझ्या केसांच्या पिना निघाल्या, कपडे वाळत घालायचा एक चिमटा, बाबांचा निळा खडू आणि माझी सहा इंची पट्टी. ती शाळेत चोरीला गेली असं मी तुला तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं. बाबांनी पट्टी धुतली, डोळ्यांजवळ धरून आकडे पाहिले आणि म्हणाले, ‘अजून सहाच इंच आहे.’

मग कमोड उचलला आणि त्याच्या खालून बक्रम निघालं. कोटाच्या कॉलरला ताठपणा यावा म्हणून बाबा आत जे कडक कापड घालतात, तेच. घडीवर घडी घातलेलं, काळं पडलेलं, ओलं. तुला माहीत आहेच, पण मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. कमोड डुगडुगतो असं तू सांगितलंस तेव्हा बाबांनी एक घडी सरकवली. पुन्हा सांगितलंस तेव्हा आणखी एक. नंतर शाळांच्या गणवेशांचा हंगाम लागला, घरभर निळ्या चड्ड्यांचे ढीग पडले आणि तू पुन्हा सांगितलंस तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, एवढं काम हातावेगळं होऊ दे, मग प्लंबरला बोलावतो.’ काम हातावेगळं व्हायच्या आत तू उठताना कमोड एका अंगाला कलला, तू खाली आलीस आणि खुब्याचं हाड मोडलं.

प्लंबरने ते बक्रम चिमटीत धरून वर केलं. बाबा आपण होऊन म्हणाले, ‘ते मी घातलं होतं.’ तो म्हणाला, ‘असू द्या मास्तर.’ बाबा म्हणाले, ‘असू द्या कसं?’ मग त्यांनी ते त्याच्या हातातून घेतलं, मलब्याच्या पोत्यात टाकलं आणि दुकानात जाऊन बसले. थोड्या वेळाने जळका वास आला. इस्त्री तापत ठेवली होती आणि विसरले होते. माझा पांढरा एप्रन होता, प्रयोगशाळेतला. त्याच्या पाठीवर आता इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग आहे. मी तो तसाच घालते, पाठ मला दिसत नाही.

आता मापाचं. जमिनीतल्या भोकावर बसणारा कमोड घेताना एका मापाशी तडजोड चालत नाही: मागच्या भिंतीपासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. भिंत म्हणजे वरची टाइल धरून. माझा स्टीलचा टेप प्रयोगशाळेत राहिला होता, म्हणून बाबांच्या गळ्यातला घेतला. कोपरा इतका अडचणीचा की मी आत घुसून टेपचं टोक भिंतीला दाबून धरलं आणि बाबांनी दुसऱ्या बाजूने आकडा वाचला. ‘सव्वा बारा,’ ते म्हणाले. दुकानात बारा इंचाचा मिळत होता. मागे पाव इंच मोकळं राहील असा हिशेब करून मी तो घेऊन आले. माझ्याकडे रोज लोकांचे वजनकाटे आणि दाबमापक तपासायला येतात. दुसऱ्याने वाचलेला आकडा मी स्वतः पाहिल्याशिवाय लिहीत नाही, यावरून तिथले सगळे मला वैतागलेले असतात. इथे मी तो न पाहता घेतला, कारण टेप बाबांच्या हातात होता.

कमोड ठेवला तर टाकी भिंतीला टेकली आणि खालचं तोंड भोकाच्या पुढेच राहिलं. प्लंबरने ढकलून पाहिलं, फिरवून पाहिलं, मग मला म्हणाला, ‘ताई, भिंत पुढे आली.’ बाबा म्हणाले, ‘भिंत कशी पुढे येईल? तुझा कमोड मागे जात नाही असं म्हण.’ दोघांनी मिळून तो पुन्हा उचलला, त्यातच बाबांची पाठ धरली. तोवर मी प्रयोगशाळेतून माझा टेप घेऊन आले आणि मोजलं. सव्वा अकरा. पुन्हा मोजलं. सव्वा अकरा. मी बाबांकडे पाहिलं. ते कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, ‘सव्वा अकराच आहे की. मी वर एक इंच धरला होता.’ कशाला, असं मी विचारलं. ‘कशाला म्हणजे? शिलाईत जायला.’

आई, मी चिडले, पण लगेच माझ्या लक्षात आलं की यांनी आयुष्यात कोणालाही नुसतं माप सांगितलेलंच नाही. टेप अंगाला लावतात आणि तोंडाने आकडा बोलतात तो कापडाचा. मधला इंच ते मनात कधी मिळवतात ते त्यांनाही कळत नाही. मला म्हणाले, ‘कमी पडलं तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू? जास्त असलं तर आत घेता येतं.’ प्लंबर भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, ‘मास्तर, हा आत घेता येत नाही.’ मग बाबा हसले. पाठ धरून हसले. तू गेल्यापासून हे पहिल्यांदा.

दुकानदार आधी आडमुठेपणा करत होता. बसवलेला माल परत घेत नाही म्हणे. मी म्हटलं, बसला असता तर परत कशाला आणला असता? त्याने दोन मिनिटं विचार केला आणि नऊ इंचाचा दिला. म्हणजे टाकीमागे तीन बोटांची फट पुन्हा राहणार. तुझ्या पिनांची सोय झाली.

या सगळ्यात घरात वापरता येईल असा कमोडच नाही, म्हणून आम्ही शेजारच्या काकूंकडे जातो. बाबांना नुसतं जायचा संकोच. म्हणून दर वेळी हातात काहीतरी शिवलेलं घेऊन निघतात: टाके घातलेली उशी, बटण लावलेला शर्ट, काकूंच्या नातवाची आखूड केलेली विजार. काकूंचं वर्षभर रखडलेलं सगळं शिवणकाम संपलं आहे. काल सकाळी बाबा रिकाम्या हाताने दारात उभे राहिले तेव्हा काकू म्हणाल्या, ‘आज काय, नुसतेच?’ मला वाटतं, त्यांना आता पडदे शिवायला देण्यावाचून गत्यंतर नाही. तू हसशील म्हणून लिहिलं. हसताना खुब्याला धक्का बसणार नाही असं बस.

भोकाचं झालं, उंचीचं राहिलं. हॉस्पिटलमधून सुटताना त्यांनी सांगितलं होतं की बसल्यावर तुझे गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. दुकानातले साधे कमोड त्या मानाने बुटके असतात. यावर प्लंबरने तोड काढली की खाली सिमेंटचा छोटा ओटा बांधायचा आणि त्यावर कमोड बसवायचा. ओटा किती उंच, हे ठरवायला एकच माप लागतं: माणूस खुर्चीवर बसलेला असताना गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत. मी बाबांना विचारलं. हातातली कात्री खाली न ठेवता ते म्हणाले, ‘गुडघ्यापासून खाली एकोणीस.’ आणि थांबेचनात. खांदा किती, बाही किती, पाठ किती, गळ्याचा घेर किती, सगळं. तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन सूत उतरता आहे आणि ते दर वेळी तिथे आतून बारीकशी पट्टी घालतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुला माहीत होतं का?

पण एकोणीस हे उभं माप, गुडघ्याच्या वाटीपासूनचं. ते इथे कामाचं नाही. मी म्हटलं, बाबा, मला बसलेलं हवंय. त्यांनी कात्री ठेवली. आठवू लागले. ते आठवत असताना कसे दिसतात तुला ठाऊक आहे, डोळे मिटतात आणि बोटांनी हवेत टेप सोडतात. बराच वेळ तसे उभे राहिले. मग म्हणाले, ‘बसलेलं घेतलंच नाही कधी.’ मी म्हटलं, कपड्यांना लागत नाही ना. ते म्हणाले, ‘ते नाही. ती बसते कुठे?’ आणि पुन्हा कात्री उचलली.

शेवटी अंदाजाने करून पाहू म्हणून प्लंबरने कमोडखाली फळ्या सरकवल्या आणि बाबांना वर बसवलं. झाकण लावून, गळ्यात टेप, अंगात शर्ट-विजार, असे ते बाथरूमच्या मधोमध बसले. तू त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच. फोटो काढायचा म्हटलं की त्यांना पायरी शोधावी लागते, हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे. तेव्हा तुझ्या उंचीच्या अंदाजाने बसवलेल्या कमोडवर त्यांचं काय होणार ते उघड होतं. पाय लोंबकळले. प्लंबर म्हणाला, ‘मास्तर, तुम्हाला खाली स्टूल लागणार.’ बाबांनी पाय थोडे हलवून पाहिले. म्हणाले, ‘शाळेच्या बाकावर बसल्यासारखं वाटतंय. असू दे. स्टूल करून घेईन.’ मग मला विचारलं, ‘तिला एवढं पुरेल?’ मी म्हटलं, माप नाही तर कसं सांगू. तेव्हा प्लंबरला म्हणाले, ‘अजून एक फळी घाल.’

प्लंबर त्याच दिवशी ओटा बांधून मोकळा व्हायला तयार होता. बाबांनी हात धरला. ट्रायल झाल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नाही, हे त्यांचं जुनं बाणेदार वाक्य तुला पाठ असेल. उठताना धरायच्या भिंतीतल्या दांडीसाठी भोकंही पाडू दिली नाहीत. डाव्या हाताला की उजव्या, ते तीच सांगेल म्हणाले. म्हणून नवा कमोड फळ्यांवर कोरडा उभा आहे आणि आम्ही अजून काकूंकडे जातो आहोत.

आता जे कोणी बोलत नाही त्याबद्दल. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या? तू काही सांगायच्या आत बाबा म्हणाले, ‘हिला सगळ्याचीच घाई.’ मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मला तुझा चेहरा दिसत होता. तू भिंतीकडे पाहिलंस आणि त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस. सुटी मिळाली तेव्हा घरी न येता मावशीकडे गेलीस. तिच्याकडे उंच कमोड आहे, धरायला दांडी आहे, असं सगळ्यांना सांगण्यात आलं, आणि ते खोटं नाही, म्हणून मीही तेच सांगत आले. पण तू कमोडसाठी गेली नाहीस हे मला माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे. तरी ते कमोडच बदलतायत, कारण त्यांना बदलता येण्यासारखं तेवढंच सापडलं असावं. हा माझा अंदाज. त्याला पुरावा नाही.

मी त्यांची वकिली करत नाही. त्यांनी माफी मागितलेली नाही, माझ्याजवळही नाही, आणि पुढे मागतील असं मी लिहून देऊ शकत नाही. तू तीनदा सांगितलंस, दोनदा बक्रम मिळालं आणि तिसऱ्यांदा नुसता वायदा, यात तुझा राग मला पूर्ण पटतो. तेव्हा हे पत्र समजूत काढायला लिहिलं आहे असं समजू नकोस. मला ते येतही नाही. दोन काट्यांचे आकडे जुळले नाहीत तर मी त्यांना समजावत बसत नाही, दोन्ही आकडे तसेच लिहून देते. हॉस्पिटलमधलं वाक्य तू ऐकलं होतंस. ‘ते मी घातलं होतं’ आणि ‘अजून एक फळी घाल’ ही दोन तू ऐकली नव्हतीस, आणि ती तुला त्यांच्याकडून कधीच कळणार नाहीत. म्हणून लिहिली. आधीचं त्याने पुसलं जातं असं माझं म्हणणं नाही.

आणखी एक. बसलेलं माप रोजची चप्पल घालून घ्यायचं असतं, आणि तुझी रोजची चप्पल इथेच आहे, दाराशी, तू सोडलीस तशी. झाडताना मी ती उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते. तिचा तळ मोजला, पाऊण इंच भरला. तेव्हा तू अनवाणी पायाचं माप दिलंस तरी पुरे, तेवढं मी मिळवीन. मावशीला मात्र टेप धरायला सांगू नकोस, ती तिरका धरते. चपलेबद्दल माझ्याकडून याहून जास्त लिहिलं जात नाही, ते तुला माहीत आहे.

पत्राचं कारण असं. शनिवारी सकाळी प्लंबर ओटा बांधायला येतो आहे. या वेळी खरंच येईल असं दिसतं. सिमेंट एकदा धरलं की उंची बदलायची तर सगळं फोडावं लागेल. ओटा तुझ्याच मापाचा करायचा, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. तू परत येणार आहेस का, हे त्यांनी मला विचारलेलं नाही. मी सांगितलेलं नाही, कारण मला माहीत नाही. आणि इतक्या दिवसांत तुला कोणीच विचारलेलं नाही, म्हणून मी विचारते आहे. येणार असशील तर ते माप पाठव आणि काठी कोणत्या हातात धरतेस ते लिही. शनिवारी ट्रायलला स्वतःच आलीस तर उत्तम, मी गाडी घेऊन येईन. येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही, एका ओळीत, कारणं नकोत. मग ओट्याची गरज नाही. कमोड सरळ जमिनीवर बसवून घेऊ, बाबांचे पाय टेकतील. उत्तर काहीही असो, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळव.

तुझीच,
फूटपट्टी